ताईचा चहा आणि माझा गुडघा

माझा उजवा गुडघा गेला तो शब्दकोडी सोडवणाऱ्या लोकांमुळे. मी नाशिकमधल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. तिथे कोशांचे जाड खंड सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेले असत, कारण वरच्या फळ्या त्यांच्या वजनाने वाकत. रविवारच्या पेपरात कोडं आलं की सोमवारी सकाळी कोडेबाज मंडळी दारात हजर. कुणाला जुन्या काळच्या वाद्याचं चार अक्षरी नाव हवं असे, कुणाला कुठल्याशा राक्षसाच्या मेहुण्याचं. मी उकिडवं बसायचं, खंड ओढायचा, नाव शोधून सांगायचं आणि फळीला धरून उठायचं. नोकरीभर हे चाललं. निवृत्तीच्या समारंभात ज्ञानाची सेवा केल्याबद्दल मला शाल मिळाली. त्या सेवेत नेमकं काय झिजलं, ते मात्र कुठल्याच वक्त्याच्या लक्षात आलं नाही. ते पुढे एक्स-रेत दिसलं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला शेवटी सांधा बदलायचं ठरलं. संक्रांत नुकतीच झाली होती. ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, माझी बायको आणि माझी थोरली बहीण. ताई पंचवटीत एकटी राहायची. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा परदेशात होता. तिच्या आयुष्यात दोन गोष्टी अढळ होत्या, वणीची देवी आणि चहा. दोन्हींत पहिला मान कुणाचा, हे तिला विचारायची हिंमत मी कधी केली नाही. पहाटे दूध आलं की एक चहा, पूजा झाली की दुसरा, भाजी चिरायला घेताना तिसरा, आणि मग दिवसभरात कुणी आलं तर त्याच्याबरोबर, नाही आलं तर कुणी आलं नाही म्हणून. आलं ठेचून घातलेला, गडद, काचेच्या ग्लासात. कपातला चहा तिला आजारी माणसाचा वाटायचा.

म्हणून भूल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी खोलीत चहा आला आणि ताईने तो नुसत्या हाताने बाजूला सारला, तेव्हा मला माझ्यापेक्षा तिची काळजी वाटली.

"का गं, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? चहा सोडलाय."

"कधीपासून?"

"तू आत गेलास तेव्हापासून."

माझी बायको उशी सारखी करता करता पुटपुटली, "वन्संनी नवस बोललाय. तुमच्या गुडघ्याचा."

ताईने मग सगळं सविस्तर सांगितलं. ऑपरेशन नीट झालं तर माझा भाऊ स्वतःच्या पायांनी गडाच्या पायऱ्या चढून तुझ्या दर्शनाला येईल, आणि तो येऊन जाईपर्यंत मी चहाला शिवणार नाही, असं तिने देवीला कबूल केलं होतं.

"म्हणजे नवस तुझा आणि पाय माझे?" मी म्हणालो.

"मग गुडघा कुणाचा आहे?"

"अगं, पण मला विचारायचंस तरी."

"कसं विचारणार? तुला भूल दिली होती."

दुसऱ्याच्या वतीने नवस बोलायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि ज्याच्या नावाने तो बोलला जातो त्याची संमती घेण्याची रीत मुळीच नाही. मी देव मानत नाही, हे ताईला माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तिचं म्हणणं, देवी मला मानते, तेवढं पुरे. राहता राहिला सप्तशृंगीचा गड. वरच्या गावापर्यंत गाडी जाते, पण तिथून देवीपर्यंत कड्याला लागून उभ्या पायऱ्या आहेत. आता तिथे यंत्रावर बसून वर जायची सोय झाली आहे. तेव्हा ती नव्हती. तेव्हा पाय होते, आणि माझ्या दोन पायांपैकी एक त्या क्षणी उशीवर पडून होता आणि माझं काही ऐकत नव्हता.

घरी येताना पहिली अडचण आली ती आमच्या स्वतःच्याच पायऱ्यांची. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नव्हती आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. चेअरमनसाहेबांनी ही गोष्ट मनावर घेतली. ज्यांना पाण्याची टाकी धुऊन घ्यायला सवड होत नसे, ते सकाळपासून खाली उभे होते. मला एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. पुढे चेअरमन, "सावकाश, सावकाश, वळण आलं" असं सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. मागे ताई, हातात माझा वॉकर देवाच्या दंडासारखा उभा धरून. जिन्यातली दारं उघडत गेली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी मला हात जोडले. मी उत्सवमूर्तीसारखा समोर बघत बसून राहिलो, कारण खाली बघितलं की खुर्चीचा डावा पाय वाकताना दिसत होता.

त्यानंतर भेटायला येणारे सुरू झाले. द्राक्षांचा हंगाम होता. नाशिकमध्ये त्या दिवसांत आजारी पडू नये. जो येतो तो द्राक्षंच आणतो. पिंपळगाव बसवंतकडचे आमचे एक नातेवाईक तर टेम्पोतून एक अख्खी पेटी घेऊन आले. त्यांनी ती माझ्या पलंगाखाली सरकवली, खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "आतला माल देशी बसवला का परदेशी?"

"परदेशी."

"एक्स्पोर्टचा?" त्यांनी समाधानाने मान हलवली. माझ्या शरीरातल्या कुठल्या भागाबद्दल त्यांना आदर वाटला तो तेवढाच.

येणारा प्रत्येक जण उपाय सांगायचा. निर्गुडीचा पाला, एरंडाचं तेल, कुठल्याशा गावचा हाडवैद्य. सांधा काढून धातूचा बसवला आहे, त्याला तेल चोळून उपयोग नाही, हे मी एकाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "धातूलाच तर तेल लागतं."

पण घरातला खरा प्रश्न चहाचा होता. माझ्या शुश्रूषेसाठी ताई आमच्याकडे राहायला आली होती. चहा सुटल्यावर पहिले काही दिवस तिचं डोकं ठणकत होतं. डोक्याला फडकं बांधून ती घरभर फिरायची आणि जे दिसेल ते घासायची. बायकोने कॉफी पुढे केली. "कॉफी म्हणजे जळकं लाकूड," ताई म्हणाली. सुंठेचा काढा, गरम पाण्यात गूळ, गवती चहाची नुसती पात, सगळं झालं. उठताबसताना ती कपाटाला धरून "आई गं" म्हणायची. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. चहा नाही, दुसरं काय.

"तुम्ही घ्या की," ती सांगायची. "मी कुठे नको म्हटलंय?"

मग आम्ही घ्यायचो. ती समोर बसायची आणि घोट तोंडात गेल्यापासून घशाखाली उतरेपर्यंत आमच्याकडे एकटक बघायची. बायको स्वयंपाकघराचं दार लावून चहा करू लागली, तर ताई बाहेरून म्हणाली, "आलं जरा जास्तच ठेचलंयस." शेवटी आमचाही चहा जवळजवळ सुटला. एका माणसाच्या नवसात तीन माणसं उपाशी.

मी पळवाटा शोधू लागलो. ताईच्या गल्लीतले गुरुजी मला बघायला आले होते, अर्थात द्राक्षं घेऊन. मी त्यांच्यापुढे प्रकरण मांडलं. गुरुजी समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "शास्त्रात अडचणीच्या वेळी प्रतिनिधी चालतो. यजमानाच्या वतीने मी जाऊन येऊ शकतो."

"तुमचे गुडघे चांगले आहेत, गुरुजी," ताई म्हणाली. "नवस त्यांच्यासाठी बोलले नव्हते."

"मग गावातल्याच देवीला..."

"तिला मी काही कबूल केलेलं नाही. तिला कशाला मधे ओढायचं?"

गुरुजींनी चार द्राक्षं खाल्ली आणि विषय हवामानाकडे नेला. माझं आयुष्य पुस्तकांत गेलं, पण करार इतका घट्ट बांधलेला मी दुसरीकडे वाचला नाही. बाहेर पडायला वाट एकच होती आणि ती पायऱ्यांची होती.

म्हणजे आता व्यायाम. रोज सकाळी एक फिजिओथेरपिस्ट यायची. पंचविशीची, आवाज खणखणीत, आणि खोटं बोलण्यात तरबेज. "काका, थोडंसंच दुखेल हं," असं म्हणून ती माझा पाय वाकवायची आणि मला लहानपणापासून भेटलेली सगळी माणसं एकदम आठवायची. तिच्याकडे एक मोठं कोनमापक होतं. ते गुडघ्याला लावून ती अंश वाचायची. भूमितीत मी शाळेत काठावर पास होत होतो. म्हातारपणी त्याच विषयाची तोंडी परीक्षा रोज द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं. काटकोन झाला त्या दिवशी ताईने देवापुढे साखर ठेवली. काटकोनाला नैवेद्य मिळाल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण.

पुढे मांडीची ताकद वाढवायला घोट्याला वजन बांधून पाय उचलायचा होता. "वाळूची पिशवी आणा," ती म्हणाली. वाळू कुठून आणणार? माझ्या घरी एक जुना कोश होता, निवृत्त होताना रद्दीतून वाचवून आणलेला. त्याचा एक खंड बायकोने कापडी पिशवीत घातला आणि पिशवी माझ्या घोट्याला बांधली. स्वरांचा खंड बारीक होता, तो आधी. तो सहज उचलला जाऊ लागल्यावर क-वर्ग. प-वर्गापर्यंत यायला उन्हाळा उजाडला. ज्या खंडांनी माझा गुडघा नेला त्यांनीच तो परत उभा केला. फक्त या वेळी ते माझ्या हातात नव्हते, पायाला लटकत होते, आणि त्यात काय लिहिलंय हे कुणी विचारत नव्हतं.

वॉकरवरून काठी आली, काठीवरून नुसता भिंतीचा आधार. ताई पंचवटीला परत गेली, पण दर दोन-तीन दिवसांनी रिक्षाने यायची. दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न तोच.

"जिना कुठवर आला?"

"खाली जाऊन वर आलो."

"न थांबता?"

"मधे थांबलो."

"मग अजून नाही," ती म्हणायची आणि माठातलं पाणी प्यायची, चेहरा असा करून की पाणी म्हणजे एखादं औषध.

मे महिन्यात डॉक्टरांनी गडाला परवानगी दिली नाही. पुढे पावसात पायऱ्या निसरड्या होणार. नवरात्रात तिथे चेंगरून मरण्याइतकी गर्दी. म्हणजे गोष्ट दिवाळीपलीकडे गेली. हे मी ताईला फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, "देवीला घाई नाही." कुणाला आहे ते तिने सांगितलं नाही.

पावसाळ्यात हॉस्पिटलचा वर्धापनदिन आला. डॉक्टर हुशार होते, हाताला यश होतं, पण त्यांना माइक दिसला की हात आपोआप पुढे जायचा. त्यांनी सांधे बदललेल्या सगळ्या रुग्णांचा मेळावा भरवला. एका मंगल कार्यालयात स्टेज, त्यावर पाऊल टाकणाऱ्या पायांचं चित्र असलेला पंधरा फुटी बॅनर, आणि खाली आम्ही, नव्या गुडघ्यांचे धनी, आपापल्या नातेवाइकांसह. प्रमुख पाहुणे स्थानिक नेते होते. ते यायला इतका उशीर झाला की बसून बसून सगळ्यांचेच गुडघे आखडले. डॉक्टरांनी भाषणात सांगितलं की या वास्तूत आज एकही माणूस लंगडत नाही. मग त्यांनी घोषणा केली की रुग्णांनी एकेक करून स्टेजवर चालत यावं आणि शाल-श्रीफळ स्वीकारावं.

स्टेजला चढायला बाजूला तीन पायऱ्या होत्या. लाकडी, उंच, हलणाऱ्या, आणि धरायला काहीही नाही.

पहिल्या रुग्ण एक बाई होत्या. त्यांनी पायरीकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि जागेवर परत जाऊन बसल्या. दुसरे एक रिटायर्ड पोलीस होते. त्यांनी एक पाय वर ठेवला, पायरी करकरली, त्यांनी पाय काढून घेतला. तिसरा मी. मी समोर उभा राहिलो. जिना मी रोज चढत होतो, पण तिथे कठडा होता. इथे हवा होती. तीनच पायऱ्या होत्या, तरी माझा पाय उचलेना. मागून ताईचा आवाज आला, "अरे, चढ की!" मी नाही चढलो.

शेवटी नेतेच वाकून स्टेजवरून शाली खाली देऊ लागले. एकाच्या हातातून नारळ निसटला आणि पहिल्या रांगेत लोळत गेला. डॉक्टर माइकवरून म्हणाले, "रुग्णांच्या सोयीसाठी आपण सत्कार खालीच ठेवला आहे." फोटोग्राफरने फोटो काढले. त्यात स्टेजवर फक्त हात-पाय धडधाकट असलेले लोक दिसतात.

कार्यक्रम संपल्यावर चहा होता. मोठ्या स्टीलच्या पिंपातून वाफ येत होती. एका कार्यकर्त्याने ताईपुढे ग्लास धरला. काचेचा ग्लास, आणि चहा गडद. ताईने तो घेतला नाही. पण नजरही काढली नाही. हातातली माझी शाल तिने घट्ट धरली होती.

रिक्षात ती म्हणाली, "तीन पायऱ्या नाही चढलास."

"कठडा नव्हता, ताई."

"गडावर आहे कठडा." मग तिने रिक्षाबाहेर बघत विचारलं, "चढशील ना रे?"

तोवर मी तो नवस म्हणजे ताईचा हट्ट समजत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की ती घाबरली आहे. मी चढू शकलो नाही तर तिचा चहा कायमचा गेला. तिच्या दिवसाचे सगळे कोपरे चहाने धरलेले होते, आणि ते तिने माझ्या एका गुडघ्यावर पणाला लावले होते. घरी आल्यावर मी पिशवीत प-वर्गाबरोबर य-वर्गही घातला.

फिजिओथेरपिस्टने मला कठड्याशिवाय, भिंतीशिवाय, नुसत्या काठीवर पायऱ्या शिकवायला घेतल्या. नियम साधा होता. "काका, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. विसरलात की पडलात." त्या दिवशी ताई जिन्यात उभी राहून बघत होती. माझा ऑपरेशनचा पाय उजवा. तिने हिशेब केला.

"म्हणजे चढताना डावा पाय आधी?"

"हो आजी."

"देवीकडे डावा पाय आधी टाकून कोण जातं गं? नवी सून तरी आणली का कुणी डाव्या पायाने?"

"आजी, उजव्यावर सगळं वजन आलं तर काका मागे पडतील."

"तू डावा बदलायचास," ताई माझ्याकडे वळून म्हणाली. डॉक्टरांनी माझा दुखरा गुडघा सोडून शुभ दिशेचा विचार करायला हवा होता, असं तिचं मत झालं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

दिवाळी झाल्यावर, थंडीच्या सुरुवातीला, गर्दी नसेल असा वार बघून आम्ही निघालो. मी आणि ताई, दोघंच. बायकोला त्या दिवशी ताप होता. एसटीने गेलो, कारण ताईच्या मते भाड्याच्या गाडीने केलेली यात्रा म्हणजे सहल. एसटीची पायरी ही संपूर्ण प्रवासातली सगळ्यात उंच पायरी होती. कंडक्टरने मला दंडाला धरून वर ओढलं. मग ताईला. ताईला ओढायला त्याला जास्त वेळ लागला, पण मी आपल्याच गुडघ्यात गुंतलो होतो.

वरच्या गावात उतरलो. समोर कडा, कड्यावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना नारळ, खण आणि पेढ्यांची दुकानं. पहिल्या पायरीशी ताई थांबली.

"उजवा," ती म्हणाली.

"ताई, त्या मुलीने काय सांगितलंय..."

"ती मुलगी गडावर राहत नाही."

आजूबाजूचे दुकानदार बघू लागले. मी तडजोड सुचवली. पहिली पायरी देवीची, उजव्या पायाने, बाकीच्या फिजिओथेरपीच्या. ताईने विचार केला आणि मान डोलावली. मी कठडा दोन्ही हातांनी धरला, उजवा पाय वर ठेवला आणि त्याच्यावर उभा राहिलो. गुडघ्यात काहीतरी ताणलं गेलं, पण तो टिकला. परदेशी माल होता. मग डावा, उजवा, डावा, उजवा, म्हाताऱ्या घोड्यासारखा.

काही वेळाने मागे बघितलं. ताई बरीच खाली राहिली होती. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने गुडघा. प्रत्येक पायरीला ती दोन्ही पाय एकत्र आणून थांबत होती, आणि ओठ घट्ट मिटलेले होते. मी तिच्याजवळ परत उतरलो, नियमानुसार ऑपरेशनचा पाय आधी.

"काय होतंय?"

"काही नाही. चहा नाही ना."

"ताई."

"अरे, चल ना तू."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. साडीवरूनसुद्धा कळत होतं. माझ्या जुन्या गुडघ्याची सूज मला पाठ होती. हा त्याच्याहून वाईट होता, आणि दुसराही तसाच. कपाटाला धरून उठणं, ते "आई गं", ते एसटीत चढताना कंडक्टरची झालेली दमछाक, सगळं आम्ही चहाच्या खाती टाकून मोकळे झालो होतो. नवस बोलताना तिने फक्त माझे गुडघे धरले होते. स्वतःलाही बरोबर यायचं आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जवळच एका सपाट वळणावर एक बाई स्टोव्हवर चहा करून विकत होत्या. त्यांच्या बाकड्यावर मी ताईला बसवलं.

"तू इथे थांब. मी जाऊन येतो."

"एकटा?"

"नवसात तुझे पाय कुठे आहेत?"

ती हसली नाही. तिने पिशवीतून ओटीचं सामान काढून माझ्या हातात दिलं. "नीट हात जोड. नुसता बघून येऊ नकोस, तुला सवय आहे."

मी वर निघालो. दोन वळणं गेल्यावर ती दिसेनाशी झाली. मांडी थरथरत होती. तिथे एक चांगला कट्टा होता, सावलीतला. मी टेकलो आणि एक साधा विचार मनात आला. इथे थोडा वेळ बसावं, कुंकवाची पुडी कुठल्या तरी दुकानात मिळेलच, ती घेऊन खाली जावं. कुणाला कळणार? देवीला, पण तिला मी मानत नव्हतो. म्हणजे अडवणारं कुणीच नव्हतं. नास्तिक माणसासाठी याहून सोयीची जागा कुणी बांधली नसेल. आणि तरी मी उठलो. मला पुण्याची काळजी नव्हती. पण ताई इतक्या महिन्यांनी जो पहिला घोट घेणार होती, तो माझ्या थापेवर घेतलेला असता, आणि मला तो तिच्या घशाखाली उतरताना बघावा लागला असता. ती आमचा चहा जसा बघायची तसा.

पायऱ्या मी मोजल्या नाहीत. मोजणारे पुढे गेले. एक नवं जोडपं, एक कडेवर मूल घेतलेली बाई, पेठ-सुरगाण्याकडून आलेला एक जथा, डोक्यावर गाठोडी घेऊन, माझ्याकडे न बघता, बोलत बोलत. मी कठडा धरून, थांबत, चढत राहिलो. आणि मग पुढे पायरी नव्हती.

समोर कड्यातच कोरलेली ती प्रचंड, शेंदरी, अनेक हातांची मूर्ती होती. हात आपोआप जोडले गेले, असं इथे लिहायचा मोह होतो. ते मीच जोडले, ताईने सांगितलं होतं म्हणून. ओटी दिली. पुजाऱ्याने नाव-गोत्र विचारलं. मी ताईचं सांगितलं. गुडघ्याबद्दल देवीशी काही बोलावं असं वाटलं, पण ओळख नव्हती.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. वळणावर आलो तेव्हा ताई बाकड्यावर तशीच बसली होती, पाय लांब करून. तिच्यापुढे चहाचा ग्लास होता. भरलेला. वर साय धरली होती.

"केव्हापासून घेऊन बसल्यात," चहावाली म्हणाली. "पीत बी नाय, परत बी देत नाय."

"गेलास वर?" ताईने विचारलं.

"गेलो."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ग्लास उचलला आणि तो गार, साय धरलेला चहा एका दमात संपवला. मी बघत होतो.

"पाणचट आहे," ती म्हणाली. "आणि आलं नाही." चहावालीकडे वळून म्हणाली, "बाई, दोन गरम टाका. मी ठेचते आलं."

गरम चहा आला. तिने स्वतः ठेचलेलं आलं घातलेला, काचेच्या ग्लासात. ती फुंकर घालत होती आणि तिचा चेहरा हळूहळू माझ्या ओळखीचा होत होता. माझ्या ग्लासाकडे मी बघितलं. तेव्हा मला ते सुचलं.

"ताई, दिवाळी झाली, आता डॉक्टर मोकळे असतील. तुझे दोन्ही गुडघे दाखवू."

"मला काय झालंय? चहा मिळाला, झालं."

"मग मीही सोडला." मी ग्लास बाकड्यावर ठेवला. "तुझं ऑपरेशन होऊन तू माझा जिना चढून वर येईपर्यंत चहा बंद."

"हा कसला नवस? तू देव मानत नाहीस. ऐकणार कोण तुझा?"

"तू ऐकणार."

खाली दरीत एक एसटी वळणं घेत चढत होती. चहावालीने स्टोव्हला पंप मारला. ताईने माझ्या ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ग्लासाकडे बघितलं.

"खरंच नाही पिणार?"

"नाही."

"मग वाया कशाला घालवायचा," असं म्हणून तिने तो उचलला आणि माझ्यासमोर, माझ्याकडे एकटक बघत, घोट घोट करून संपवला.